कमानीचा रेटा



ही व्याख्यानमाला ज्यांच्या स्मरणार्थ चालते ते तात्या (त्यांचे पूर्ण नाव मागच्या फलकावर आहे, आणि इथे बसलेल्या कोणालाही ते सांगावे लागत नाही) आयुष्यभर ओव्हरसियरच्या हुद्द्यावर राहिले. मोऱ्या व पूल यांची बांधणी, दुरुस्ती आणि मोजमाप यांपायी त्यांनी दौंड व शिरूर या दोन तालुक्यांतले ओढेनाले पालथे घातले, आणि संध्याकाळी धुळीने भरलेल्या चपला बाहेर काढून ते याच सभागृहात संतवाङ्मयावरचे किंवा इतिहासावरचे व्याख्यान ऐकायला शेवटच्या रांगेत येऊन बसत. त्यांच्या नावाच्या या मालेत ज्ञानेश्वरीपासून शेअरबाजारापर्यंत बहुतेक विषय होऊन गेले, पुलाचा तेवढा एकदाही झाला नाही, ही गोष्ट मी चालकांच्या नजरेस आणली. तेव्हा ती उणीव भरून काढण्याची कामगिरी त्यांनी माझ्याच गळ्यात घातली. मी इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे, स्थापत्यशास्त्राचा अधिकारी नव्हे. जे काही सांगणार आहे त्यातले गणित तात्यांकडून ऐकलेले आणि इतिहास वाचलेला असा हा मामला आहे.

विषय आहे अहमदाबादच्या साबरमतीवरील एलिस पूल. दौंडात बसून अहमदाबादचा पूल कशासाठी, असे आपणापैकी कित्येकांच्या मनात आले असेल. त्याचे उत्तर आपल्याच नद्यांत आहे, म्हणून सुरुवात तिथून करतो.

आपल्या दोन तालुक्यांचा संबंध महसूल खात्याने जोडण्याच्या कितीतरी आधी पाण्याने जोडलेला आहे. आंबेगावच्या डोंगरात उगम पावलेली घोडनदी वाटेत कुकडीला पोटात घेऊन शिरूरच्या अंगावरून वाहते आणि दौंडच्या वरच्या बाजूस भीमेला मिळते. त्याच्याही वर, रांजणगाव सांडसपाशी, पुण्याचे सारे बरेवाईट घेऊन आलेली मुळामुठा भीमेत शिरलेली असते. तेव्हा शिरूरच्या घाटावर सोडलेला दिवा आणि पुण्याच्या लकडी पुलाखालून वाहिलेले पाणी ही दोन्ही अखेर दौंडच्या रेल्वे पुलाखालूनच जातात. शिरूरच्या माणसाने तर नदीचे नाव गावालाच दिले आहे. जुनी माणसे अजून ‘घोडनदीला जाऊन येतो’ असेच म्हणतात आणि ऐकणाऱ्याला बाजार कळतो, पात्र नव्हे. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्रजांनी आपली छावणी या नदीच्या काठी घातली, आणि १८०९ साली तिथे मृत्यू पावलेल्या कर्नल वॉलेसच्या थडग्याला आसपासच्या लोकांनी ‘सतपुरुष’ मानून नैवेद्य दाखवायला सुरुवात केली. परक्या फौजेच्या अधिकाऱ्याला देवत्व देण्याइतके आपले लोक उदार असतात, हे जाता जाता नमूद करून ठेवतो.

या नद्यांवरचे पूल मात्र पाहणाऱ्याला थांबवीत नाहीत. शिरूरहून नगरकडे जाणारा मनुष्य घोडनदी केव्हा ओलांडली हे बसच्या खिडकीतून पाहिले नाही तर सांगू शकणार नाही. दौंडहून मनमाडकडे निघालेली गाडी स्थानक सोडल्यावर थोड्याच वेळात भीमेवर येते, चाकांचा आवाज बदलतो, डब्यातली आजीबाई खिडकीतून नाणे टाकते, आणि पूल संपतो. दगडी खांब, त्यांवर आडवे टाकलेले सरळ गर्डर, एकासारखा एक गाळा. ना उंच कमान, ना शोभा. खाली डिकसळला जुन्या रेल्वेमार्गाचा जो पूल आहे, त्यावरून उजनीच्या जलाशयामुळे रूळ दुसरीकडे हलल्यावर बैलगाड्या आणि मोटारी जाऊ लागल्या, तोही दगडाचाच. मोठी पोलादी कमान आपल्याकडे कोणी बांधली नाही. तात्यांना मी एकदा विचारले होते, की आपल्या वाट्याला असा देखणा पूल का आला नाही, त्यावर ते म्हणाले, “अहो गुरुजी, आपल्या नदीला त्याची गरजच नाही. कमान बघायची तर वाळूत जा.” या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी लागला नाही. तो पुढे साबरमतीच्या काठी लागला, आणि तोवर तात्या हयात नव्हते.

अहमदाबादेत माझा भाचा नोकरीनिमित्त स्थायिक आहे. मराठी माणसाला ते शहर तसे परके नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड यांचा अंमल तिथे होता, गायकवाडांची हवेली रायखड भागात अजून उभी आहे. आणि आपल्या लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर, कोकणातल्या घराण्यातले, वकिली आणि नगरपालिकेचा कारभार दोन्ही याच शहरात करून मोठे झाले. पुलाच्या पूर्वेकडच्या टोकाशी शहराच्या जुन्या तटाचा माणेक बुरूज आहे. हा एवढा परिसर पायी पाहावा असे मी भाच्याला म्हटले, तेव्हा तो प्रामाणिकपणे म्हणाला, “मामा, तिथं बघण्यासारखं काय आहे? आम्ही रोज बाजूनं जातो.”

बाजूने जातो हे त्याचे म्हणणे शब्दशः खरे होते. एलिस पूल वाहनांसाठी बंद आहे. १९९९ साली त्याच्या दोन्ही अंगांना काँक्रीटचे रुंद पूल उभारून त्यांना स्वामी विवेकानंदांचे नाव देण्यात आले, आणि त्या दोहोंच्या मधोमध जुन्या पुलाची कमानींची रांग, धाकट्या भावांनी दोन्ही बाजूंनी धरून चालवावे तशी, उभी आहे. मी नव्या पुलाच्या पादचारी मार्गावरून तिच्याकडे पाहू लागलो. प्रत्येक गाळ्याच्या दोन्ही कडांना एकेक धनुष्याकृती कमान एका टोकाहून उचलून मध्यावर पोहोचते आणि दुसऱ्या टोकाला उतरते. समोरासमोरच्या दोन कमानी वरून आडव्या जोडांनी बांधलेल्या आहेत. कमान आणि खालची सरळ पट्टी यांच्यामध्ये उभ्या व तिरक्या पोलादी कांबी आहेत. आणि या साऱ्याला धरून ठेवणारी रिव्हेटांची अर्धगोल डोकी, एकेका जोडावर दाटीने बसवलेली, कैक रंगांच्या थरांखाली गुळगुळीत झालेली, हात पोहोचेल अशा अंतरावर दिसतात. एका ठिकाणी रंगाचा पापुद्रा सुटला होता, त्याच्या कडेवर आधीच्या रंगांच्या रेषा झाडाच्या खोडातल्या वलयांसारख्या नव्हे, तर कचेरीतल्या जुन्या दाराच्या चौकटीवर असतात तशा वेड्यावाकड्या चढलेल्या होत्या. कबुतरांनी वरच्या जोडांचा ताबा घेतलेला होता.

आता याचा इतिहास. साबरमतीच्या पूर्वेला तटबंदीचे शहर, पश्चिमेला शेते आणि कोचरब, पालडी अशी खेडी. मधे बहुतेक वर्षभर कोरडे राहणारे, पण पावसाळ्यात काही तासांत चढणारे वाळूचे पात्र. १८७०-७१ च्या सुमारास इंग्रज इंजिनियरांनी इथे लाकडी पूल बांधला, त्यावर सुमारे साडेपाच लाख रुपये खर्च झाले, आणि १८७५ च्या महापुराने दोन गाळे सोडून बाकीचा पूल वाहून नेला. याच १८७५ साली पुण्याच्या संगमावर लाकडी पुलाच्या जागी दगडी पूल उभा राहिला, हे आपल्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. कारण पुणे दगडाकडे वळले तसे अहमदाबाद वळू शकले नाही. जुना पूल गेल्यावर नव्याला बरीच वर्षे लागली. तो १८९२ साली पुरा झाला, उत्तर विभागाचे कमिशनर राहिलेल्या सर बॅरो हेल्बर्ट एलिस यांचे नाव त्याला मिळाले, आणि त्याचे पोलाद बर्मिंगहॅमहून आले. बांधणारा इंजिनियर मात्र बर्मिंगहॅमचा नव्हता. तो अहमदाबादचाच होता: हिंमतलाल धीरजराम भचेच.

हिंमतलालांकडे मी पुन्हा येईन. आधी वाळूचा प्रश्न, कारण सारी मेख तिथे आहे.

कमान म्हणजे काय, हे आपणास ओल्या फरशीवर पाय फाकून उभ्या राहिलेल्या माणसाच्या उदाहरणाने सांगता येईल. त्याच्या खांद्यावर जितके ओझे अधिक, तितके त्याचे पाय बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात. फरशीला खाच असेल आणि टाच तिच्यात अडकली तर तो उभा राहील, नाही तर पडेल. कमानीचे हेच आहे. सरळ गर्डर आपले ओझे खांबावर उभे टाकतो. कमान ते उभेही टाकते आणि आडवेही ढकलते, आणि हा आडवा रेटा सोसायला दोन्ही काठांशी न हलणारी जमीन लागते. गाळा तोच ठेवून कमानीची उंची निम्मी केली की रेटा दुप्पट होतो, एवढे साधे ते गणित आहे. म्हणून बैठी, ऐसपैस, डोळ्यांना सुखद वाटणारी कमान जमिनीला सर्वांत जास्त छळते. दगडाची कमान बांधणाऱ्या आपल्या गवंड्यांना हे पुस्तकावाचून ठाऊक होते; ते काठावर अवजड बांधकाम घालीत आणि एका कमानीचा रेटा शेजारच्या कमानीच्या रेट्याने तोलीत. सह्याद्रीच्या पूर्वेला ही सोय आहे, कारण आपल्या नद्यांच्या तळाशी, वाळू-गाळाचा थर उपसला की बहुतेक ठिकाणी काळा कातळ लागतो. कातळ हाताशी असला की पाहिजे तितके खांब उभे करता येतात. खांब पुष्कळ झाले की गाळे आखूड होतात. गाळे आखूड झाले की साधा गर्डरही पुरतो. दौंडचा पूल देखणा नाही याचे कारण भीमेचा तळ चांगला आहे.

साबरमतीला हे भाग्य नाही. तिथे खाली खोलवर वाळू आणि गाळ. अशा नद्यांत खांब उभा करायचा तर विटांची किंवा दगडाची गोल विहीर वाळूवरच बांधायची, तिच्या आतली वाळू उपसत जायची, विहीर आपल्याच भाराने खाली उतरत जाते, वरून बांधकाम वाढवत राहायचे, अशी हिंदुस्थानातल्या रेल्वे इंजिनियरांनी रूढ केलेली पद्धत होती. हे काम महाग, वेळखाऊ आणि पावसाळ्याच्या मर्जीवरचे. म्हणून खांब कमी हवेत, म्हणजेच गाळे लांब हवेत, आणि लांब गाळ्याला कमानीचे बळ हवे. पण कमानीचा रेटा घेणारी जमीन तर तिथे नाही! वाळूत उतरवलेली विहीर उभे ओझे घेईल, बाजूने ढकलले तर कलंडेल. या पेचातून सुटण्याचा जो मार्ग त्या काळात पोलादाने खुला केला होता तोच एलिस पुलावर दिसतो. कमानीच्या दोन्ही टोकांना, मघाच्या त्या माणसाच्या दोन्ही घोट्यांना दोर बांधावा तशी, खालून एक सरळ पोलादी पट्टी ताणून जोडली आहे. कमान टोके बाहेर ढकलते, पट्टी ती आत ओढते. रेटा कमानीतच जिरतो आणि खांबावर केवळ उभे वजन उतरते. म्हणूनच या प्रकाराला इंजिनियर लोक धनुष्यकमान म्हणतात. पादचारी मार्गावरून पाहताना माझे डोळे वरच्या वळणावरच खिळले होते, जसे कोणाचेही खिळतील. तात्या असते तर त्यांनी माझी मान धरून खालच्या त्या सरळ, अनाकर्षक पट्टीकडे वळवली असती. तिच्यावर ताण आहे. ती तुटली तर कमानीचे सौंदर्य क्षणभरही टिकणार नाही.

तेव्हा, ‘कमान बघायची तर वाळूत जा’ हा त्यांचा बोल असा होता. कोणताही पूल पाहताना पहिला प्रश्न ‘किती मोठा, किती उंच’ हा नसून ‘रेटा कुठे जातो’ हा असावा, असे माझे मत त्या दिवसापासून बनले आहे, आणि आज मला सांगायचे आहे ते एवढेच आहे. पुढे जे सांगतो ते या प्रश्नाचीच निरनिराळी उदाहरणे समजावीत.

सिडनीच्या बंदरावरची १९३२ सालची प्रख्यात कमान आपल्यापैकी ज्यांची मुले तिकडे आहेत त्यांनी पाहिली असेल, काहींनी कमरेला पट्टा बांधून तिच्या माथ्यापर्यंत चढूनही पाहिली असेल. ५०३ मीटरचा तो एक गाळा. दोन्ही टोकांना ग्रॅनाइटचे उत्तुंग मनोरे, आणि पाहणाऱ्या प्रत्येकाला वाटते की कमान त्या मनोऱ्यांवर टेकली आहे. वस्तुतः मनोरे निव्वळ शोभेचे. खरे ओझे पायथ्याशी असलेल्या चार बिजागऱ्यांवर आहे, एकेकीवर सुमारे वीस हजार टन, आणि त्यांच्यामागे सिडनीचा वालुकाश्म. उन्हाने पोलाद प्रसरण पावले की कमानीचा माथा वीतभर वर येतो, आणि बिजागरी असल्यामुळेच तो विनातक्रार वर येऊ शकतो.

याहून मला अमेरिकेतल्या सेंट लुई शहराची हकीकत अधिक भावते, कारण तीही नदी वाळूची आणि तीही लहरी. मिसिसिपीवर जेम्स ईड्स याने १८७४ साली पोलादी कमानींचा पूल पुरा केला. पोलाद एवढ्या मोठ्या पुलाला वापरण्याचा तो पहिला मोठा प्रसंग. हा ईड्स बुडालेल्या नौका वर काढण्याच्या धंद्यातला, नदीच्या तळाशी स्वतः उतरलेला माणूस. पुराच्या वेळी वाळूचा तळच वाहू लागतो हे त्याने पायांनी अनुभवले होते, म्हणून वाळूवर भिस्त न ठेवता थेट खडकापर्यंत पाया न्यायचा असा त्याने आग्रह धरला. दाबाच्या हवेच्या पेट्यांतून मजूर खाली उतरले, आणि वर आल्यावर सांधे धरून, वाकून, त्यांतले कित्येक दगावले. त्या दुखण्याचे कारण त्या काळी वैद्यकालाही नीट उमगले नव्हते. १८७३ च्या सप्टेंबरात कमानीची दोन अर्धी मध्यावर जुळवायची वेळ आली तो उन्हाने पोलाद फुगलेले, शेवटचा तुकडा मावेना. कमानीला बर्फ बांधून पाहिला, तरी जमेना. अखेर ईड्सने आधीच योजून ठेवलेल्या, आटे फिरवून लांबी कमीजास्त करता येणाऱ्या जोडाने काम भागले. रेटा खडकाला दिला, पण तो देता देता माणसे खर्ची पडली, हेही त्या पुलाच्या हिशेबात धरले पाहिजे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर हिंमतलालांकडे वळू. नव्या एलिस पुलासाठी पाच लाखांचे अंदाजपत्रक मंजूर होते. त्यांनी तो चार लाख सात हजारांच्या आसपास पुरा केला. आता सरकारदरबारी वावरलेल्या कोणालाही विचारा, की मंजुरीपेक्षा खर्च वाढला तर काय होते. फेरअंदाजपत्रक सादर होते, खुलासा मागवला जातो, चार शेरे पडतात आणि वाढीव रक्कम मंजूर होते, असा शिरस्ता आहे. पण लाखभर रुपये उरले तर? सरकारला संशय आला. लाकडी पुलाला साडेपाच लाख आणि पोलादी पुलाला त्याहून कमी, तेव्हा या माणसाने माल हलका वापरला असला पाहिजे, असा कयास बांधून चौकशी समिती नेमण्यात आली. समितीने तपासणी करून बांधकाम उत्तम प्रतीचे असल्याचा निर्वाळा दिला. हिंमतलालांना पुढे ‘रावसाहेब’ हा किताब मिळाला. ज्या दरबाराने त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले त्यानेच त्यांना दरबारी पागोटे घातले, आणि यात कोणाला काही विसंगत वाटले नाही.

तात्यांच्या नोकरीतही असा एक प्रसंग घडला होता, तो त्यांनी मला सांगितला तसा सांगतो. एका ओढ्यावरच्या मोरीचे काम त्यांच्या देखरेखीखाली झाले. पाया खणताना कातळ अपेक्षेपेक्षा वर लागला, खोदाई कमी झाली, त्यांनी मापपुस्तकात जेवढी झाली तेवढीच लिहिली. ठेकेदार नाराज झाला हे समजण्यासारखे आहे. वरिष्ठही नाराज झाले, कारण मंजूर रक्कम परत पाठवावी लागली आणि पुढच्या सालचे अनुदान त्या मानाने कापले जाण्याचा संभव निर्माण झाला. तात्यांची बदली झाली. कुठल्या खात्यातून कुठे, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. हकीकत सांगून झाल्यावर त्यांनी चष्मा पुसला आणि “कातळ वर लागला याला मी काय करू?” एवढेच म्हणाले.

आणि तरीही आपल्या दौंडच्या पुलाचा भार कातळाने घेतला असे म्हणून थांबणे इतिहासाच्या शिक्षकाला शोभणार नाही. जी. आय. पी. रेल्वे पुण्याहून दौंडमार्गे डिकसळपर्यंत १८५८ च्या डिसेंबरात आली. पुढे सोलापूर, रायचूर. तिची दुसरी शाखा थळ घाट चढून मनमाडवरून जबलपूरकडे गेली. दोन्ही शाखांना जोडणारी, म्हणजे दक्षिणेकडून उत्तरेकडे जाणाऱ्या मालाला एक घाट उतरून दुसरा चढण्याच्या फेऱ्यातून सोडवणारी दौंड–मनमाड लाईन दीडशे मैलांना जराशी कमी आहे, आणि ती १८७८ साली खुली झाली. ही साले पाहताच आपणास उलगडा झाला असेल. १८७६ ते ७८ हा दख्खनचा महादुष्काळ. या मार्गाचे मातीकाम मुख्यत्वेकरून दुष्काळी कामावर आलेल्या लोकांनी केले. शिरूर, श्रीगोंदा, नगर, कोपरगाव इकडची माणसे, ज्यांची जनावरे वैरणीवाचून मेली आणि शेते पडीक राहिली, ती टोपल्या घेऊन या भरावावर उभी राहिली. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल हा हिंदुस्थान सरकारचा प्रतिनिधी म्हणून आला आणि त्याने रोजीची धान्याची मोजणी दीड रत्तलावरून एक रत्तलावर आणण्याचा आग्रह धरला, वर किरकोळ रोख. ‘टेंपल वेतन’ या नावाने ते अर्थशास्त्राच्या पुस्तकांत जाऊन बसले आहे. दिवसभर माती वाहणाऱ्या माणसाला एक रत्तल! मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी त्याविरुद्ध कामे सोडून दिली, उपाशी राहून सोडली. आणि गणेश वासुदेव जोशी व न्यायमूर्ती रानडे यांच्या पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून अर्जांमागून अर्ज सरकारकडे धाडले. आपल्याकडे जोशींचे ‘सार्वजनिक काका’ हे नाव आदराने घेतले जाते, पण त्या आदराचा एक पाया दौंड-मनमाडसारख्या भरावांवर आहे, हे क्वचितच सांगितले जाते.

  

मला शेवटी बोलायचे आहे ते आजच्या तळाबद्दल. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा इंग्रजी अमदानीतला दगडी कमानींचा पूल पुरात कोसळला आणि एस. टी.च्या दोन बसगाड्या, इतर वाहनांसह, अंधारात पाण्यात गेल्या. त्यानंतर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासणीचे हुकूम सुटले, जागोजाग ‘पूल धोकादायक’ असे फलक लागले. फलकाला माझा विरोध नाही. पण पुलाचे वय पाहून धोका ठरवणे हे माणसाची जन्मतारीख पाहून त्याला रोगी ठरवण्यासारखे आहे. पाहायला हवे ते त्याच्या खांबांखालची जमीन पूर्वी होती तेवढी उरली आहे की नाही हे. आणि इथे, अध्यक्ष महाराज, आपल्या दोन तालुक्यांचे नाव साऱ्या जिल्ह्यात ज्या गोष्टीसाठी झाले आहे तिचा उल्लेख टाळणे मला शक्य नाही. भीमेचा आणि घोडनदीचा वाळूउपसा. यांत्रिक बोटी लावून, जेसीबी उतरवून, रात्रीतून डंपर भरून, वर्षानुवर्षे आपण या नद्यांचे तळ खाली नेले. तहसील कचेरीच्या आवारात जप्त केलेल्या वाहनांची रांग आपण सर्वांनीच पाहिली आहे. वाळू गेली की, जिथे पाया कातळापर्यंत गेलेला नाही तिथे, पुराचे पाणी खांबाच्या बुडाशी भोवरा करून उरलेला तळ खरवडते, आणि ज्या जमिनीच्या भरवशावर गर्डर दिमाखाशिवाय उभा होता ती जमीनच त्याच्या पायाखालून निघून जाते. साबरमतीला जन्मतःच जो तोटा होता, तो आपण भीमेला विकत आणून दिला आहे. आपल्या पुलांनी तो होईल असे कधी धरले नव्हते.

पूर ओसरल्यावर तात्या दोरीला शिशाचे वजन बांधून प्रत्येक खांबाच्या चारही बाजूंना सोडीत आणि खोली लिहून घेत. खात्याच्या दप्तरात त्या नोंदी गेल्या असतील, किंवा रद्दीत. पण एक प्रत ते स्वतःजवळ ठेवीत, आणि त्यांच्या मुलाने ती वही मला वाचायला दिली आहे. ऐंशी पानी साधी वही, शाई फिकट झालेली. खांबाचा क्रमांक, वरच्या अंगाला इतके फूट, खालच्या अंगाला इतके, आणि शेरा. एका पानावर शेऱ्याच्या जागी ‘बाभळीचे झाड अडकले आहे, काढावे’ असे आहे, आणि खाली दुसऱ्या शाईत ‘काढले’.

तर माझी चालकांना सूचना अशी आहे. मालेच्या निधीतून पुढल्या वर्षी एखाद्या नामवंत वक्त्याला पुण्या-मुंबईहून बोलावण्याऐवजी, आपल्या दोन तालुक्यांतल्या विज्ञानाच्या शिक्षकांना आणि कॉलेजातल्या मुलांना हाताशी धरून, घोडनदी व भीमा यांवरील रस्त्यांच्या पुलांची अशीच एक नोंदवही सुरू करावी. बांधकाम खात्याच्या परवानगीने, मे महिन्यात पात्र उघडे असताना एकदा आणि दिवाळीनंतर एकदा मापे घ्यावीत, फोटो काढावेत, आणि एक प्रत शिरूरच्या व एक दौंडच्या वाचनालयात कोणालाही पाहता येईल अशी ठेवावी. रेल्वेच्या पुलाला रेल्वेची माणसे आहेत, पावसाळ्यात त्यांचा पहारा असतो. तिकडे आपण जाण्याचे कारण नाही. रस्त्याच्या पुलांपासून सुरुवात करावी. शिशाचे वजन मी देईन. दोरी मात्र नवी आणावी लागेल.